विषयवार बांधलेलं घर

आमच्या वरच्या मजल्यावर ज्या बाई अकरा वर्षं राहिल्या, त्यांनी आयुष्यात एकही काम नुसतं केलेलं नाही. तुम्हीआम्ही कांदा चिरतो तो भाजीसाठी. त्यांच्याकडे तो चिरला जायचा आधी त्याच्या पेशी बघायला, मग डोळ्यांत पाणी का येतं यावर चर्चा करायला, आणि त्यातून काही उरलंच तर भाजीला. त्यांना मुलं पाच, आणि पाचातलं एकही शाळेत जात नसे. शाळा घरीच. शाळांवर त्यांचा राग होता असंही नाही. "शाळा चांगलीच असते हो सर, पण व्हॅन येते साडेसहाला, आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या मुलांना छान छान प्रश्न पडतात," हे त्यांचं कारण. मी पडलो ठाण्याला नौपाड्यातल्या एका शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. हे कारण ऐकून माझ्या अंगाचा कसा तिळपापड झाला असेल ते वेगळं सांगायला नको.

चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि पहिल्याच आठवड्यात तावातावाने वर गेलो. दुपारची झोप ही काय चीज असते ते कळायची वेळ आली, तर डोक्यावर गोट्या घरंगळत होत्या. उतारावरून येणाऱ्या गोटीचा वेग मोजणं चालू होतं, हे मागाहून कळलं. दार उघडताच बाई म्हणाल्या, "बरं झालं आलात सर. तुम्ही गणिताचे ना? याला अपूर्णांकांचा भागाकार समजत नाहीये. खरं सांगायचं तर मलाही नाही." मधला मुलगा हातात भाकरी घेऊन उभा होता. अर्ध्या भाकरीत पाव भाकरी किती वेळा बसते, इथे गाडी अडली होती. मी उभ्याउभ्याच सांगायला गेलो. तासाभराने खाली उतरलो तेव्हा पोटात दोन भाकऱ्या गेल्या होत्या आणि तक्रार राहून गेली होती. "काय, दिलात दम?" आमच्या हिने विचारलं. मी म्हटलं, "उद्या चारला परत बोलावलंय." तेव्हापासून मी रोज चारला वर जाऊ लागलो.

कोपरमधली आमची अख्खी सोसायटी त्या शाळेच्या आवारात मोडत असे. जिना हे वाचनालय होतं. चौथ्या नंबरची मुलगी दुसऱ्या पायरीवर पुस्तक घेऊन बसायची आणि भाजीच्या पिशव्या सावरत माणसं तिला ओलांडून जायची. मधल्याने एकदा महिनाभर पाण्याच्या वेळा टिपून त्यांचा आलेख नोटीस बोर्डावर लावला. त्यात सेक्रेटरींच्या बाजूला पाणी रोज दहा मिनिटं जास्त येतं, असं स्वच्छ दिसत होतं. सेक्रेटरींनी आलेख फाडून टाकला, पण ती दहा मिनिटंही गुपचूप कमी झाली. शेंडेफळ तर प्रत्येक आल्यागेल्याला धरून बसवी. गॅसवाला सिलिंडर खाली ठेवायचा आणि आपणहूनच म्हणायचा, "हां, विचार आज काय विचारायचंय ते." बाईंचे यजमान नौपाड्यातच एका चष्म्याच्या दुकानात कामाला. संध्याकाळी ते दमून घरी आले की त्यांना समोर बसवून भिंगांचा धडा व्हायचा. "मी इथला सहावा विद्यार्थी, सर," ते मला हळूच म्हणत, "आणि सगळ्यात ढ."

असं सगळं सुखाने चाललेलं असताना त्यांच्या घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांना जागा हवीशी झाली. बाई घर शोधायला लागल्या. डोंबिवली झाली, ठाकुर्ली झाली, कल्याण झालं. संवाद सगळीकडे एकच. "मुलं किती? पाच? आणि शाळेत नाही जात? म्हणजे दिवसभर घरातच?" की दार बंद. एजंट कंटाळून म्हणाला, "मॅडम, दोनच सांगा ना. बाकीचे पाहुणे म्हणून येऊ देत हळूहळू." बाई म्हणाल्या, "आणि मुलांना काय सांगू? तुमच्यातले कोणते तिघं पाहुणे ते?" शेवटी शहाडला एक घर निघालं. तळमजला, पुढे अंगण, नदी चालत दहा मिनिटांवर. मालक स्वतः वर राहणार, म्हणून आधी कुटुंब बघायला येणार होते. बाई मला म्हणाल्या, "सर, अकरा वर्षं मी मुलांना 'हळू, खाली माणसं राहतात' हेच सांगतेय. हे घर मिळालं तर त्यांना एकदा तरी धपकन उडी मारू देईन." हसत म्हणाल्या, पण त्या घरावर त्यांचा किती जीव जडला होता ते मला कळलं. आणि कबूल करायला लाज वाटते, पण हे घर जमू नये असं मला वाटलं. काहीच नाही जमलं तर दिवाळीपर्यंत थांबा, असं जुने मालक त्यांना म्हणाले होते.

घर ठरायच्या आधीच बाईंनी बांधाबांध सुरू केली होती. इतर लोक खोक्यांवर 'स्वयंपाकघर', 'कपडे' असं काहीतरी लिहितात. इथे खोकी भरली विषयवार, आणि कुठली वस्तू कुठल्या विषयात जाणार ते मुलांच्या मतदानाने ठरलं. चहाचा डबा गेला इतिहासात, कारण इंग्रजांनी चहा कसा आणला यावर थोरलीने वीस मिनिटं भाषण केलं. साखर रसायनशास्त्रात गेली, गाळणं भौतिकशास्त्रात. कप मातीचे म्हणून भूगोलात. आजोबांच्या फोटोला जीवशास्त्रात जागा मिळाली, कारण त्यांचं नाक पाचही जणांकडे आलंय. मोज्यांच्या जोड्या होतात म्हणून मोजे गणितात, आणि गणित नेमकं भूगोलाखाली गेल्यामुळे यजमान आठवडाभर एक काळा आणि एक करडा मोजा घालून कामावर जात होते.

अशात एका रविवारी शहाडचे मालक आले. धिप्पाड माणूस, पांढरे कपडे, भरघोस मिशा. चार वाजले होते, म्हणून मीही तिथेच होतो. पाचही मुलं ओळीने उभी. बाई म्हणाल्या, "चहा घेणार ना?" तिथेच घात झाला. इतिहासाची चिकटपट्टी कापली, रसायनशास्त्र उपसलं, गाळण्यासाठी पंख्याच्या पात्यांखालून भौतिकशास्त्र ओढून काढलं. अर्धा तास झाला तरी लायटर सापडेना. तो नक्की कुठल्या विषयात टाकला यावर दोन मुलांचं जुंपलं. शेंडेफळाने तेवढ्यात विचारून घेतलं, "तुमच्या मिशा एका बाजूला कमी का आहेत?" मालक उठले. "राहू दे ताई, निघतो मी." अशी उठलेली माणसं बाईंनी गेल्या दोन महिन्यांत पुष्कळ पाहिली होती. त्या हातात भूगोलातला रिकामा कप धरून उभ्या राहिल्या.

मालक माझ्यापाठोपाठ खाली आले आणि सरळ आमच्या घरात शिरले. हिने पाच मिनिटांत चहा दिला. पहिला घोट घेऊन ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही जुने माणूस, खरं सांगा. पोरांचा त्रास आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. "गोट्या आहेत, पाढे आहेत, भांडणं आहेत. दुपारी डोळा लागत नाही."

त्यातला शब्दन् शब्द खरा होता. एवढं सोयीचं सत्य माझ्या वाट्याला पूर्वी कधी आलं नव्हतं. तिथेच थांबलो असतो तर बाई दिवाळीपर्यंत माझ्या डोक्यावर राहिल्या असत्या, आणि मी खोटं बोललो असं कुणालाही म्हणता आलं नसतं.

"म्हणजे ते गेले की तुम्ही सुटलात," मालक म्हणाले.

वर चिडीचूप होतं. पाच मुलं घरात, आणि पायाचा एक आवाज नाही. बाईंनी त्यांना काय सांगून बसवलं असेल ते माझ्या डोळ्यांसमोर आलं, आणि मला ते सहन होईना.

"नाही हो," मी म्हटलं. "कसला सुटतोय."

मग हीच म्हणाली, "अहो, चार वाजायच्या आधीच हे चपला घालून दाराशी उभे असतात. सोन्यासारखी पोरं आहेत ती. ती गेल्यावर यांचं काय होणार, याचीच मला काळजी."

मालकांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. उरलेला चहा संपवला. "मग येऊ द्या त्यांना," म्हणाले आणि पुन्हा वर गेले, सांगायला.

पुढच्याच रविवारी टेंपो आला. "म्याडम, किचन कुठलं?" या हमालांच्या प्रश्नाला पाच जणांनी पाच विषय सांगितले. मुलांनी मला वाकून नमस्कार केला आणि मी त्यांना उगाच सतराचा पाढा विचारला.

बाईंचा अधूनमधून फोन येतो. खोकी अजून सगळी उघडलेली नाहीत, पण मुलं मजेत आहेत. मालक रोज चारला न चुकता खाली उतरतात, पोरांना नदीतले मासे ओळखायला शिकवतात, आणि भाकरी खाऊन जातात. "तुम्ही कधी येताय सर? शहाड काही लांब नाही," बाई दर वेळी म्हणतात. लांब नाहीच. निघालो तर तासाभरात पोचेन. पण गेलो की माझ्या जागेवर बसलेले मालक दिसणार. ते बघून मला आनंदच होईल, होणार नाही असं नाही. फक्त तेवढ्या तयारीला मला अजून थोडे दिवस लागतील.