माझ्या नावाची मूठ

देवासजवळच्या टोंकखुर्दातले केबलचे खांब मी उभे केले. कंत्राट देऊन नाही, पहार हातात घेऊन. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हात फाटते आणि सरळ रोवलेला खांब वर्षभरात कलतो. दर वर्षी मी ते ओढून पुन्हा सरळ केले. त्यांच्यावरून टीव्हीची तार घरोघर नेली तेव्हा माझ्याकडे एक सायकल आणि एक शिडी होती. आज त्याच खांबांवरून इंटरनेटचं फायबर जातं आणि त्यांच्यावर पट्ट्या दुसऱ्याच्या नावाच्या आहेत. रस्त्यानं जाताना मी वर बघत नाही.

हे आधी सांगतो, कारण माझी मागणी चुकीची होती असं मला अजूनही वाटत नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, जन्मापासून ऐकत नाही, बोलत नाही. शाळेत गेली नाही, त्यामुळे लिहिणं-वाचणंही नाही. तिची भाषा आईनं घरातच बनवली, पोळ्या लाटता लाटता. मिशीवरून बोट फिरवलं की वडील. ते गेल्यावर मिशीवरून बोट फिरवून पंजा उताणा करायचा. कपाळावर अंगठा टेकला की आई. अक्काचं लग्न कुक्षीच्या एका शिंप्याशी झालं, तर दोन बोटांची कात्री म्हणजे भावजी. माझी खूण होती मिटलेली मूठ. मी दोन वर्षांचा असताना गुळाचा खडा धरून झोपलो होतो. झोपेतही कुणाला मूठ उघडता आली नाही, गूळ वितळून मनगटापर्यंत ओघळला होता. अक्कानं तेव्हा जी मूठ दाखवली, तेच माझं नाव झालं. पुढे मी धंद्यात पडलो. भाजीवालीशी, वायरवाल्याशी, तहसीलच्या बाबूशी घासाघीस करून घरी यायचो, की अक्का आईला मूठ दाखवून हसायची.

ही भाषा नीट येणारी माणसं दोनच, आई आणि अक्का. भावजींना संसारापुरती यायची आणि मी बरीचशी विसरलो होतो. अक्का दर दोन-तीन महिन्यांनी बसनं धार, इंदूर, देवास करत आमच्याकडे यायची. दोघी ओसरीवर समोरासमोर बसायच्या. घरात आवाज फक्त बांगड्यांचा.

दसऱ्याच्या सुमारास अक्का पाय घसरून पडली. मांडीत रॉड टाकला. सहा महिने प्रवास नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपणारा नव्हता. मग राहिला मोबाइल. कुक्षीला भावजींकडे फायबर आलेलं होतं, त्यामुळे अक्का आम्हाला स्वच्छ दिसायची. आमच्याकडून जाणारं चित्र मात्र अडकायचं. बोलण्यातला एखादा शब्द गेला तर माणूस अंदाज करतो. हात मध्येच अडकला तर अर्थच बदलतो. एकदा आई सांगत होती की तिचा ताप उतरला. चित्र ‘ताप’वरच थांबलं. अक्का दोन दिवस जेवली नाही.

दिवाळीनंतर कंपनीचं फायबर आमच्या बसस्टँडपर्यंत आलं. तिथून पुढे गल्ल्यांत शिरायला माझे खांब हवे होते. कंपनीचा माणूस घरी आला. इस्त्रीचा शर्ट, गोड जीभ.

“भिया, आपके खंभे मिल जाएँ तो पंद्रह दिन में पूरा कस्बा चालू.”

“मिल जाएँगे,” मी म्हणालो. “पूरे कस्बे की एजन्सी मेरे नाम लिख दो.”

“एजन्सी का तो ऊपर से होता है, भिया.”

“तो खंभे भी ऊपर से मँगवा लो.”

तो हसला. चहा पिऊन गेला. आठवड्यानं परत आला, पुन्हा चहा प्यायला. अर्धं गाव देतो म्हणाला. मी नाही म्हणालो. त्यांनी स्वतःचे खांब रोवायला परवानगी मागितली. ती कुठे अडवायची हे मला ठाऊक होतं आणि मी अडवली. वीस वर्षं मी घडवलेलं गाव कुणी शर्टवाला येऊन उचलून नेणार आणि मी वर बघत उभा राहणार, हे मला गिळता येत नव्हतं.

आई रोज विचारायची, “लागली का रे ती लाइन?”

“आठ दिवस थांब.”

“आपल्या घरापुरती तरी घे.”

“एका घराला दिली की माझी गरज त्यांना कळते, आई. मग ते मला विचारणार नाहीत.”

एकदा तो माणूस ओसरीवर बसला असताना मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, “मुझे कोई जल्दी नहीं है.” आतल्या दारात आई उभी होती. तिनं दोन बोटं तळहातावर भराभर आपटली, आमच्या घरात त्याचा अर्थ ‘घाई’, आणि मग अंगठा कपाळाला टेकवला. मला घाई आहे. घरात कुणी फार रागावलं की हातांनीच बोलायचं, ही आमची जुनी रीत. त्या माणसाला वाटलं म्हातारी डोकं खाजवतेय. मी मान फिरवली.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी आईच्या हातातून तांब्या पडला. बायकोनं हाक मारली तोवर आईचं तोंड वाकडं झालं होतं. लकवा. देवासच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, उजवी बाजू आणि वाचा यांचं सांगता येत नाही. मी दवाखान्याच्या जिन्यावर उभं राहून त्या माणसाला फोन केला.

“खंभे ले लो. पहली लाइन मेरे घर.”

“एजन्सी तो भिया, अब दूसरे को दे दी. मोबाइलवाले को, तहसील के सामने.”

“ठीक है.”

आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याचा पहिलाच शब्द मान्य केला. त्यानं दोनदा विचारून खात्री केली. त्याला वाटलं असेल, यात काहीतरी डाव आहे.

भावजींना मी बजावलं होतं, अक्काला इतक्यात सांगू नका, तिला येता येणार नाही, नुसती झुरेल. आईला थोडं बरं वाटलं की मीच दाखवीन. आईला घरी आणलं त्याच आठवड्यात लाइन आली. दुपारी चार वाजता बायकोनं आईला उशांना टेकवून बसवलं, केस विंचरले, कुंकू लावलं, तोंडाची वाकडी बाजू पदराआड केली. उजवा हात एका उशीवर ठेवला. त्या हाताची बोटं आत वळून घट्ट मिटलेली होती. मी फोन समोर धरला आणि स्वतः मागे राहिलो.

अक्का दिसली. आईही तिला दिसली असावी, कारण तिचे डोळे मोठे झाले, मग ती हसली. इतकं स्वच्छ चित्र तिनं आमच्या बाजूचं कधी पाहिलं नव्हतं. तिनं विचारलं, कशी आहेस? आईनं उत्तर द्यायला जोर केला. खांदा हलला आणि उशीवरची मूठ थोडी उचलली गेली.

अक्कानं मूठ पाहिली. तिनंही मूठ दाखवली. त्याला काय झालं?

आईची मूठ पुन्हा हलली.

अक्काचा चेहरा बदलला. कुठे आहे तो? काय केलं त्यानं?

मी फोन बायकोच्या हातात देऊन आईशेजारी बसलो. मी इथे आहे, एवढं मला हातांनी सांगता आलं. अक्का मला रागावली. ती तुझं नाव घेतेय सारखी, तुझं लक्ष कुठाय? आई रडत होती. तिनं डावा हात आणला आणि उजव्या मुठीची बोटं एकेक करून उघडायला लागली. एक उघडलं की आधीचं मिटायचं. मी मदतीला हात घातला. माझ्यानंही ती मूठ उघडली नाही.

अक्का बघत राहिली. मग तिला कळलं. तिनं विचारलं, कधी झालं? मी सांगितलं. बोटांवर दिवस मोजून झाल्यावर तिनं विचारलं, आई तर दिवाळीपासून लाइन येणार सांगत होती, मग आधी का नाही लागली?

कंपनी, खांब, एजन्सी, दुसऱ्याच्या नावाच्या पट्ट्या, यांतल्या एकालाही आईनं खूण केलेली नव्हती. माझ्याकडे सांगायला फार होतं आणि सगळं खरं होतं. मग मी माझीच मूठ वर केली आणि अक्काला दाखवली.

मला वाटलं, आता तरी चित्र अडकावं. ते अडकलं नाही. तिचा चेहरा शेवटपर्यंत स्वच्छ दिसत राहिला.