वाय नदीवर यमुनाताईंचे चार दिवस

माझ्या नणंदबाई यमुनाताई लंडनच्या क्रॉयडनमध्ये ट्राम चालवतात. वय एकोणसाठ. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती नाही. दर रविवारी त्या क्रॉयडनहून इल्फर्डला येतात आणि आमच्या विहाराच्या हॉलमध्ये मुलांचा धम्मवर्ग घेतात. इथे जन्मलेल्या मुलांना त्यांनी पंचशील असं शिकवलंय की मुलं घरी आईबापांच्या चुका काढतात. माझ्या मुलीनेही काढल्या आहेत.

त्यांचा दुसरा नाद मासेमारी. वैनगंगेच्या काठी, पवनीला, वडिलांबरोबर त्या गळ टाकायच्या. तेव्हा मासा घरी यायचा आणि रश्शात जायचा. इथल्या नदीत त्या पकडतात ते मासे परत पाण्यात सोडतात. ऑक्टोबरमध्ये चार दिवस सुट्टी काढून हेरफर्डजवळ वाय नदीवर जायचं, हा त्यांचा बावीस वर्षांचा नेम. पुण्याला भाचीचं लग्न होतं तेव्हासुद्धा त्या नदीवरच होत्या.

यंदा कोणीतरी त्यांचा हातात मासा धरलेला फोटो पाहिला आणि विहाराच्या कमिटीकडे तक्रार गेली. मुलांना प्राणिहिंसा करू नका म्हणून शिकवणारी बाई स्वतः मजेसाठी मासे धरते. कमिटीचे अध्यक्ष उदय रंगारी सज्जन माणूस, पण तक्रार त्यांना टाळता येईना. शेवटी त्यांनी सांगितलं, ताई, गळ किंवा वर्ग, एक काहीतरी निवडा.

यमुनाताई म्हणाल्या, "चार दिवस माझ्याबरोबर कोणालाही पाठवा. एक मासा जरी मेला तरी गळ कायमचा सोडते. नाही मेला तर वर्ग माझा."

साक्षीदार म्हणून माझं नाव निघालं. मी बेसिंगस्टोकला राहते, घर सांभाळते, सकाळ-संध्याकाळ वंदना चुकवत नाही आणि रोज रात्री वही लिहिते. उदयभाऊ म्हणाले की कल्याणीवहिनींच्या वहीत खोटं सापडायचं नाही. नणंदेची बाजू घेईन अशी शंका कोणीही काढली नाही. आमचे संबंध सगळ्यांना ठाऊक आहेत.

जाताना गाडीतच मी ताईंना सांगून टाकलं की मला हे पटत नाही. मासा मेला नाही म्हणजे झालं, असं थोडंच आहे? त्याला दुखतं की नाही?

"दुखतं," त्या म्हणाल्या. "दुखत नाही असं मी कधी म्हटलंय? ते पण लिही."

मी लिहिलं.

पहिले तीन दिवस बरे गेले. हे नाकारण्यात अर्थ नाही की बाई आपल्या कामात पक्की आहे. काठावर बसून पाण्याकडे अर्धा तास नुसतं बघायच्या, मग एकाच ठिकाणी गळ टाकायच्या, आणि मासा तिथेच असायचा. त्यांच्या गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे तो माशाच्या तोंडातून चटकन निघतो. ज्या हाताने ट्राम थांबवताना प्रवाशाच्या हातातला चहासुद्धा हिंदकळत नाही, त्याच हाताने त्या मासा पाण्यातल्या पाण्यात सोडवायच्या. मी घड्याळ लावून वेळ लिहायची. सात मासे आले, सातही तीन मिनिटांच्या आत निघून गेले. संध्याकाळी कॉटेजवर मी खिचडी टाकायची. ताई म्हणायच्या, मीठ कमी आहे. नव्हतं कमी.

चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाला रॉड एकदम वाकला. बार्बेल होता, मिशांचा, तळाशी राहणारा मोठा मासा. तो काही केल्या वर येईना. ताई कधी दोरा सैल सोडत, कधी ओढून घेत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतका आनंद मी त्या चेहऱ्यावर घरच्या कुठल्याही समारंभात पाहिला नव्हता. वीस मिनिटांनी मासा जाळीत आला. त्यांनी पाण्यात उतरून गळ काढला, मासा हाताने पाण्यात धरला आणि हात जरा सैल केला. मासा उताणा झाला. पांढरं पोट वर.

ताईंनी त्याला सरळ केलं, तोंड प्रवाहाकडे वळवलं, पोटाखाली हात दिला आणि कमरेएवढ्या पाण्यात तशाच उभ्या राहिल्या. मासा दमला की त्याला असं धरून ठेवायचं असतं, पाणी त्याच्या कल्ल्यांतून वाहू द्यायचं असतं. सोडला की उलटणार, उलटला की मरणार. काठावर बसून मी त्या माशाला मंगल मैत्री देत होते, सुखी हो, सुखी हो म्हणत, आणि वहीत वेळ मांडत होते. दहा मिनिटं. पंधरा. वीस. मासा तसाच. ताईंचे ओठ निळे पडले होते.

"कल्याणी, माझी बोटं गेली," त्या म्हणाल्या. "काही कळत नाही मला आता."

मी वही गवतावर टाकली आणि पाण्यात उतरले. साडी नेसले नव्हते, एवढं एक बरं. पाणी असं थंड की श्वास अडकला. त्यांच्या हातांखाली हात घालून मी मासा घेतला. आयुष्यात पहिल्यांदा जिवंत मासा धरला. जड होता, आणि त्याचा कल्ला मधूनच एकदा हलायचा. मी त्याला काहीबाही सांगत होते, मुलगी तापाने फणफणली की सांगायची तसं. किती वेळ गेला ते लिहिलेलं नाही, लिहायला काठावर कोणी नव्हतं. मग त्याची शेपटी माझ्या मनगटावर आपटली. पुन्हा आपटली. मी हात उघडला आणि तो खाली गेला, सरळ, प्रवाहाच्या विरुद्ध.

ताई काठावर बसल्या, फ्लास्कमधला चहा त्यांना धरवेना. बोटं जरा वळायला लागल्यावर त्यांनी कात्री मागितली आणि रीलवरचा सगळा दोरा कापून पिशवीत भरला.

"हा दोरा बारीक होता," त्या म्हणाल्या. "जाड दोऱ्याने तो पाच मिनिटांत आला असता. बारीक दोऱ्याने मासा जास्त खेळतो, म्हणून मी मुद्दाम लावते. माझ्या मजेसाठी. हे पण लिही."

रविवारी कमिटीपुढे मी वही वाचली, दोऱ्यासकट. वाचून झाल्यावर उदयभाऊ म्हणाले की मासा जगला आहे, तेव्हा ठरल्याप्रमाणे वर्ग ताईंचाच. ताई उठून उभ्या राहिल्या. मासा कल्याणीने जगवला, त्याचं श्रेय मला नको, म्हणाल्या. ह्यापुढे जाड दोरा, उन्हाळ्यात पाणी कोमट असताना मासा लवकर दमतो म्हणून तेव्हा गळ बंद, आणि हे सगळं त्या मुलांना स्वतः सांगणार, मग मुलांनी काय म्हणायचं ते म्हणावं. गळ मात्र सोडणार नाही, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितलं.

उदयभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही धार्मिक आहात. तुमचं मत?"

मी म्हटलं, "मी गळ धरणार नाही. पण माझी मुलगी त्यांच्याच वर्गात बसेल."

मुलं दाराबाहेर कलकलाट करत होती. ताईंनी खुर्ची सरकवली आणि वर्ग घ्यायला गेल्या.