किटलीचा भाव

चहा घ्या आधी. कारण आता जे सांगतोय ते ऐकल्यावर तुम्ही माझ्याबरोबर बाजारात यायचंच सोडून द्याल.

गेल्या वर्षी आमच्या रिफायनरीचे नवे पंप तपासायला मला कुवेतहून जपानला धाडलं, कोबे नावाच्या बंदरावर. निघताना स्टोअर सांभाळणारे रफीकभाई, मूळचे रत्नागिरीचे, मला म्हणाले, "साहेब, बाजार कुठलाही असू दे, इलाज एकच. आपला भाव सांगायचा, पाठ फिरवायची नि चालू लागायचं. दुकानदार मागनं धावत येतो."

कुवेतमधल्या मुबारकियाच्या जुन्या बाजारात मी बारा वर्षं हेच करत आलोय. अत्तरवाल्यापासून खजूरवाल्यापर्यंत सगळे धावत आलेत.

काम उरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान, म्हणून दुपारी मोतोमाचीत गेलो. बंदर परदेशी जहाजांना खुलं झालं तेव्हापासूनची ही बाजाराची गल्ली. वर छप्पर, दोन्हीकडे दुकानं. एका दुकानात ओतीव लोखंडाची काळी किटली दिसली आणि मी तिथंच विरघळलो. दुकानात सत्तरीच्या एक आजी होत्या. परदेशी माणसानं पासपोर्ट दाखवला की कर माफ, म्हणून मी पासपोर्ट काढून दिला. आजींनी कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवला. मी त्याच्या निम्मा दाबला. आजी हसल्या, वाकल्या आणि पुन्हा तोच आकडा दाखवला.

मग काय, मी पाठ फिरवली.

पन्नास पावलं गेलो असेन, तर मागून चपलांचा आवाज. आजीच. हातात एक पाकीट. नव्या भावाची चिठ्ठी असणार! पण लगेच थांबणारा मी नव्हे. मी वेग वाढवला. आजीही पळायला लागल्या. "पासुपोतो, पासुपोतो," असं काहीतरी ओरडत होत्या. मला वाटलं, 'परवडत नाही हो' असं म्हणतायत.

शेवटी एका केकच्या दुकानातली बाई वाटेत आडवी आली. तिला इंग्रजी येत होतं. मी म्हटलं, "सांगा त्यांना, निम्म्याच्या वर एक पैसा देणार नाही."

तिनं सांगितलं. आजी गोंधळल्या, धापा टाकत काहीतरी बोलल्या.

"त्या म्हणतात, याचे पैसे नकोत."

आता मात्र मला लाज वाटली. बिचाऱ्या म्हाताऱ्या बाईला मी इतकं पिळलं? "छे छे, किटली फुकट कशी घेऊ? निम्मे तरी घ्या म्हणावं."

"नको म्हणतात."

"बरं, पाऊण."

आजींनी दोन्ही हात जोरजोरात हलवले.

"पूर्ण देतो, पण फुकट घेणार नाही," मी खिशातून पैसे काढत म्हणालो.

केकवाली बाई माझ्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, त्यांच्या हातातल्या पाकिटात तुमचाच पासपोर्ट आहे."

मी पासपोर्ट दोन्ही हातांनी घेतला. तो हरवला असता तर विमान राहिलं बाजूला, मी कोबेतच पंप पुसत बसलो असतो. आणि आजी? त्या वाकून वाकून माझीच माफी मागत होत्या, पासपोर्ट द्यायला उशीर झाला म्हणून.

मुकाट्यानं त्यांच्या मागोमाग परत गेलो. दुकान सताड उघडं, कुणी चिटपाखरू फिरकलेलं नाही. सांगितलेल्या भावाला किटली घेतली.

कुवेतला, मंगफच्या आमच्या घरी आल्यावर बायकोनं किटली उलटसुलट करून पाहिली. म्हणाली, "छान आहे. घासाघीस केलीस ना?"

"केली तर," मी म्हटलं. "माझ्याच पासपोर्टची."