जांभळा की गुलाबी

प्रयोगशाळेत तिला सगळे गळतीमावशी म्हणत. बावीस वर्षं तिचं काम एकच. पोलादी भांड्यातली हवा पंपाने उपसायची आणि पुन्हा आत शिरू द्यायची नाही.

"करतेस काय गं तू तिथे?" सासूबाईंनी एकदा विचारलं.

"काहीच नसलेलं सांभाळते."

सासूबाईंना वाटलं, सून सरकारी नोकरीत आहे.

त्या रिकाम्या भांड्यात थोडा आर्गॉन वायू सोडून वीज दिली की तो चकाकू लागतो. हाच प्लाझ्मा. तो टायटेनियमच्या चकतीवर आदळून तिचे कण उडवतो आणि समोरच्या काचेवर धातूचा अतिशय पातळ थर बसतो. निदान बसायला हवा. त्या महिन्यात मात्र थर मळकट यायचा आणि नखाने पापुद्र्यासारखा निघायचा. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी त्यावर चौदा पानी सिद्धांत लिहून काढला.

मावशीने भांड्याच्या खिडकीतून डोकावून पाहिलं. "सर, जांभळा असायला हवा, गुलाबी झाक मारतोय. हवा शिरतेय."

"मावशी, प्लाझ्मा म्हणजे काय पडद्याचं कापड आहे, रंग बघून पसंत करायला?"

मावशीचं डोकं सटकलं. दुसऱ्या दिवशी सर पंधराव्या पानात गुंतलेले असताना तिने स्पिरिटची बाटली उचलली आणि भांड्याच्या एकेका सांध्यावर थेंब सोडत गेली. दाराच्या सांध्यावरचा थेंब फटीतून आत ओढला गेला आणि दाबाचा काटा टुणकन उडाला. गळती तिथेच होती. तिने यंत्र बंद करून दार उघडलं. दार हवाबंद करणाऱ्या रबरी कड्यावर एक केस आडवा पडला होता. चिमट्यात धरून तिने तो थेट सिद्धांतावर नेऊन ठेवला.

"हा तुमचा."

"माझा कशावरून? इथे चौघं काम करतात!"

"दोन इंच काळा, मुळाशी पांढरा. बाकी तिघं कलप लावत नाहीत, सर."

मावशीने कडं पुसून दार पुन्हा लावलं. दोन दिवसांत थर आरशासारखा लख्ख बसला आणि चिकटपट्टी लावून ओढला तरी हलेना. तिसऱ्या दिवशी सर टोपी घालून आले.

"मावशी, तो रंग ओळखायचा कसा?"

"आधी भांडं घासायला लागतं."

सरांनी मुकाट्याने बाह्या सरसावल्या आणि तासभर भांडं घासलं. मग प्लाझ्मा पेटला. दोघं खिडकीशी वाकली.

"हा बघा जांभळा."

"मला तर निळा दिसतोय."

"मग चष्मा बदला."

सरांनी वहीत लिहिलं, 'जांभळा'.