मिठागरातला म्हातारा

तिला सुईवाली हे नाव पडलं ते दोन सुयांमुळे. एक सुई दुकानातली. बाजारामागच्या गल्लीत ती कपडे आल्टर करून द्यायची: पँटची उंची कमी कर, कोट ढिला कर, पोट सुटलेल्यांना धीर दे. दुसरी सुई रेकॉर्ड प्लेयरची. दर रविवारी दुपारी फरश्यांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये हौशी मंडळी जोडीने नाचायला जमायची आणि ही त्यांच्यासाठी ब्लूजच्या जुन्या तबकड्या लावायची. म्हणजे डीजेच म्हणायची. पण डीजे म्हटलं की लोक आधी कानांवर हात ठेवतात, म्हणून ती स्वतःला तसं म्हणवून घेत नसे.

तिला स्वतःला नाचता येत नव्हतं, आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. तिचा सगळा जीव बघण्यात. तेही चेहऱ्यांकडे नाही, पायांकडे. चेहरा हसरा ठेवता येतो, पायांना ते सोंग जमत नाही. गाणं चुकलं की माणसं हळूच पाण्याच्या पिंपाकडे सरकतात, आणि पिंपाशी गर्दी झाली की सुईवालीचं तोंड एवढंसं व्हायचं.

ब्लूज म्हणजे दुखऱ्या मनाचं गाणं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण कुठल्या गावचं दुखणं? हा हिचा नाद. डोंगराकडची माणसं गिटारच्या तारांवर बाटलीची मान घासतात. त्या गाण्यावर गुडघे वाकवून, जमिनीलगत नाचायचं. बंदराकडचं गाणं माउथ ऑर्गनवर पळतं. तिथे पाय घसरवत न्यायचे. गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप घेता घेता ती विचारायची, "गाव कुठलं तुमचं? आणि तिकडे गातात कसं?" माणूस आला असायचा बटणासाठी, आणि आजोळची गाणी म्हणून दाखवून जायचा.

या सगळ्या पसाऱ्यात तिचा लाडका होता मिठागरातला म्हातारा. ही तबकडी तिला जुन्या बाजारात एका खोक्याच्या तळाशी सापडली होती. ओल लागून वरचा कागद गेलेला, ना गाणाऱ्याचं नाव, ना कंपनीचं. आत एक जड, खोल, पुरुषी आवाज. संथ इतका की दोन ओळींच्या मध्ये माणसाने चहा करून यावा. शब्दांत मिठागर होतं आणि पहाटे सुटलेली होडी होती. तेवढ्यावर सुईवालीने म्हाताऱ्याचं अख्खं आयुष्य उभं केलं. बायको लवकर गेली असणार. खाऱ्या वाऱ्याने घसा बसला असणार. आणि श्वास एवढा लांब कसा? तर मीठ ओढणाऱ्यांची छाती तशीच असते. हे ती छातीठोकपणे सांगायची, आणि नाचणारे माना डोलवायचे.

"माझ्या आजोबांचं नाव विचारलं तर आठवत नाही तुला," तिचा नवरा म्हणायचा, "आणि या म्हाताऱ्याची कुंडली तोंडपाठ."

रविवारचं शेवटचं गाणं म्हाताऱ्याचंच, हे ठरलेलं. त्यावर रिटायर झालेला पोस्टमन आपल्या बायकोला घेऊन उठायचा. बाईचे गुडघे गेलेले. दुसऱ्या कुठल्याच गाण्यावर तिला उभं राहणं जमत नसे.

मग एके दिवशी दुकानात फोन आला. बाईचा आवाज, वयस्कर, पण खणखणीत.

"तुमच्याकडे माझी तबकडी आहे म्हणे. तुमच्या हॉलमधल्या नाचाचा कोणीतरी टाकलेला व्हिडिओ भाचीने दाखवला मला. आवाज काही धड कळला नाही, पण शब्द माझ्या गाण्याचेच आहेत."

"अय्या, त्या म्हाताऱ्यांच्या घरच्या का तुम्ही?" सुईवाली हरखली. "मुलगी का त्यांची? मला किती विचारायचंय!"

"मुलगी कसली? कुठला म्हातारा? ते गाणं मी म्हटलंय. विशीही ओलांडली नव्हती तेव्हा." मग बाईचा आवाज मऊ झाला. "माझ्याकडे एकही उरली नाही बघा. कान आहेत तोवर एकदा ऐकायचंय. तुमच्याकडे त्यावर सगळे नाचतात म्हणे. रविवारी येऊ?"

"या ना," सुईवाली म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर हातातली कात्री कुठे ठेवली ते तिला तासभर सापडेना.

घरी येऊन तिने तबकडी लावली. प्लेयरचा वेगाचा खटका होता तेहतीसवर, म्हणजे मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवर, नेहमीसारखा. तिने तो पंचेचाळीसवर ढकलला. आणि म्हाताऱ्याच्या जागी एक पोरगी गायला लागली. चटपटीत, खट्याळ, होडीवाल्याची टर उडवणारी. गिटार टणाटण उड्या मारत होती. लांब श्वासही गेला; साध्या चारचौघींसारखा श्वास राहिला.

खटका जरासा इकडचा तिकडे, आणि बाईचा बुवा!

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. "वारले वाटतं म्हातारबुवा," तो म्हणाला. तिला हसू आलं आणि रडूही आलं. इतकी वर्षं कानांचा तोरा मिरवला, आणि साधा वेग कळू नये? शरमेने तिचे कान तापले. पण त्याहून मोठी काळजी पुढेच होती. बाई येणार ती आपला आवाज ऐकायला आणि त्यावर लोकांना नाचताना बघायला. एवढ्या पळत्या गाण्यावर कोणी उठलंच नाही तर? म्हातारी एवढी लांबून येणार आणि रिकामी फरशी बघत बसणार.

रविवारी बाई आली. काठी टेकत, इस्त्रीच्या साडीत. सुईवालीने तिला आपल्या टेबलाशेजारी, स्पीकरला खेटून बसवलं. मग कोणाला काहीही न सांगता तिने आपली विद्या पणाला लावली. आधी डोंगराकडचं एक, गुडघे मोकळे व्हायला. मग बंदराकडचं, मग त्याहून पळतं. पाय तापले. पिंपाकडे कोणी फिरकेना. नेमक्या त्या क्षणी तिने खटका ढकलला आणि पोरगीला सोडलं.

पहिल्या ओळीला दोन-तीन जोड्या अडखळल्या. सुईवालीची नजर पिंपाकडे गेली. पण दुसऱ्या ओळीला पायांनी गाणं धरलं आणि सगळा हॉल घसरत, गिरक्या घेत, हसत सुटला. "नवीन आणलीस का गं?" कोणीतरी नाचता नाचता ओरडलं. बाईने तोंडाला पदर लावला होता आणि पदराआडून ती शब्दन्‌शब्द म्हणत होती. सुईवालीचा जीव भांड्यात पडला.

सगळं इथेच निभावलं असतं. पण दुपार संपता संपता पोस्टमन बायकोचा हात धरून टेबलापाशी आला. "आमचा म्हातारा राहिला की!"

"कोण म्हातारा?" बाईने विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सुईवालीने सगळं सांगून टाकलं: खटका, मिठागर, मेलेली बायको, सगळं. सांगताना तिची मान वर होईना. "मला माफ करा. इतकी वर्षं मी तुमचा आवाज असा..."

"लाव," बाई म्हणाली.

"नको हो."

"लाव गं. बघू तरी मी म्हातारा कशी दिसते."

सुईवालीने खटका मागे ओढला. तो जड आवाज हॉलभर पसरला. पोस्टमन आणि त्याची बायको मधोमध जाऊन हलू लागले, जागच्या जागी, एकमेकांना धरून. बाई आधी हसली. मग तिचं हसू थांबलं. तिने पुढे वाकून तळहात स्पीकरवर टेकवला.

"हा तर दादा आहे," ती म्हणाली.

सुईवालीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"गाणं त्याचंच गं. रेकॉर्डिंगच्या दिवशी तो तापाने फणफणला होता, म्हणून मला उभी केली. पुढे तो होडीवर गेला, तो आलाच नाही. त्याच्या गळ्यातलं एकही गाणं रेकॉर्ड झालेलं नाही." तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. "आम्हा दोघांचा गळा एकच, असं आई म्हणायची. मला तर त्याचा आवाज आठवेनासाच झाला होता."

गाणं संपलं. सुईवालीने हात पुढे केला, आणि तिचं बोट खटक्याकडे गेलं. "तुमचं परत लावू? तुमच्या आवाजातलं?"

बाईने तिचं मनगट धरलं.

"माझं ऐकून झालं," ती म्हणाली. "त्याला लाव."