पालेगावच्या बाईंचं कार्ड

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये आम्ही दोघा मित्रांनी कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी गाळा घेतला, तेव्हा कामाची वाटणी आपोआप झाली. तो काउंटर सांभाळायचा, गिऱ्हाइकांच्या घरी जायचा. मी मागच्या टेबलावर मशीन उघडून बसायचो. तो बदलापूरच्या कात्रपचा, माझा कॉलेजपासूनचा मित्र. माझ्या आईनं केलेली सुकटीची चटणी तो माझ्याआधी संपवायचा. चार माणसांत बोलायला मी कच्चा, त्यामुळे ही वाटणी मला बरीच वाटायची.

तेव्हा जाडजूड मॉनिटर जाऊन रुंद पडद्याचे सपाट मॉनिटर नुकतेच यायला लागले होते. लोक हौसेनं मॉनिटर नवा घ्यायचे, कॉम्प्युटर मात्र जुनाच. त्या जुन्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसायचं. चित्र दाखवायची सोय मदरबोर्डवरच असायची आणि तिला जुन्या चौकोनी पडद्यांचीच मापं ठाऊक. मग ती तेच चित्र ताणून रुंद पडद्यावर बसवायची. फोटोतली माणसं जाडी दिसायची, अक्षरं धुरकट.

यावर परदेशातल्या एका फोरमवर लोकांच्या खटपटी चालल्या होत्या, त्या मी वाचून काढल्या. ड्रायव्हरच्या, म्हणजे पडद्याला चित्र पुरवणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलमध्ये नव्या मापाची ओळ आपणच लिहून घालायची: चौदाशे चाळीस बाय नऊशे, आणि त्यापुढे त्या पडद्याला लागणारे वेगाचे आकडे. एक आकडा चुकला की पडदा काळा. मग सेफ मोडमध्ये, म्हणजे मशीन नुसत्या जुजबी सोयींवर सुरू करून, सगळं पहिल्यापासून. कितीतरी दिवस हेच चाललं होतं. एका दुपारी जेवणाचा डबा उघडा टाकून मी आकडा बदलला, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि चित्र या कडेपासून त्या कडेपर्यंत स्वच्छ भरलं. मी ओरडलोच. तो काउंटरवरून धावत आला.

"क्या बात है यार! मला पण शिकव ना."

मी शिकवलं. अगदी हौसेनं, शेजारी बसवून शिकवलं.

पुढे अंबरनाथजवळच्या पालेगावातून बाईंचा फोन आला. बाई म्हणजे शाळेतल्या माझ्या मराठीच्या बाई. निवृत्त झाल्यावर त्या घरीच लग्नपत्रिका आणि बुद्धविहाराची पत्रकं टाईप करून द्यायच्या. त्यांनी रुंद मॉनिटर घेतला, जयंतीची पत्रिका करायला बसल्या, तर पडद्यावर अशोकचक्र अंड्यासारखं दिसायला लागलं. माझ्यापुढे दोन मशीन उघडी पडली होती, म्हणून तो गेला. संध्याकाळी परत येऊन म्हणाला, "झालं. बाई एकदम खूश."

मलाही बरं वाटलं. आपलं काम आपल्या बाईंच्या उपयोगी पडलं.

दिवाळीनंतर बाईंचं मशीन आपोआप बंद पडायला लागलं. तो गावाला गेला होता, म्हणून या वेळी मी गेलो. पंख्यात धूळ भरली होती. मी ब्रशनं साफ करत होतो तेवढ्यात बाई म्हणाल्या, "ते कार्डही नीट बसलंय का बघ रे. त्यालाच तर एवढे पैसे गेले."

"कुठलं कार्ड, बाई?"

"ग्राफिक्सचं. तूच निवडलंस ना? तो म्हणाला, बाई, तुमच्या विद्यार्थ्यानं खास तुमच्यासाठी पारखून दिलंय."

मी आत पाहिलं. कार्डाची जागा रिकामी होती. मॉनिटरची वायर सरळ बोर्डाला लावलेली. तरी मशीन सुरू करून ड्रायव्हरची फाइल उघडली. त्यात माझी ओळ होती, मी शिकवली होती तशीच.

मी बाईंना जे होतं ते सांगितलं. रिकामी जागा बोटानं दाखवली. त्या वाकून बघत राहिल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "आणि तुला यातलं काही माहीत नव्हतं?"

"नाही, बाई. शपथ."

"एकाच दुकानात बसता ना रे तुम्ही?"

मी पंखा परत बसवला, झाकणाचे स्क्रू आवळले.

तो गावाहून आला त्या दिवशी मी शटर अर्धं ओढून त्याला विचारलं. तो घाबरेल, निदान नजर तरी चुकवेल, असं मला वाटलं होतं. त्यानं चहा मागवला.

"चित्र नीट दिसतंय ना त्यांना? मग?"

"कार्ड कुठाय?"

"अरे, ड्रायव्हरमध्ये एक ओळ घातली असं सांगितलं तर लोक फार तर चहा पाजतात. कार्ड म्हटलं की पाकीट काढतात. तुला धंदा कळत नाही."

"अजून किती जणांना असं दिलंस?"

"ते कोण लक्षात ठेवतं?"

"माझं नाव का घेतलंस?"

तेव्हा मात्र त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "तुझ्यावर विश्वास होता त्यांचा," तो म्हणाला. "माझ्यावर कशाला ठेवतील?"

हे तो इतक्या साधेपणानं बोलला, की त्याला मारावंसंही वाटलं नाही. मी माझे स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत भरले. मागून तो म्हणाला, "बाईंकडे टाकून देऊ ना यार एक कार्ड, त्यात काय एवढं?" मी वळलो नाही.

नंतर अंबरनाथच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी लागली. पहिल्या पगारात कार्ड घेऊन पालेगावला गेलो. बाईंनी पाणी दिलं, आईची चौकशी केली. पण मशीनला हात लावू दिला नाही. "चाललंय ना आता? असू दे."

त्यानं गाळा एकट्यानं चालवला, शेजारचाही घेतला. मोठ्या दुकानाच्या उद्घाटनाची पत्रिका घरी आली. आई म्हणाली, "जाऊन ये, जुना मित्र आहे." मी गेलो नाही, आणि का नाही तेही तिला सांगितलं नाही.

विहारासाठी कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं, त्या बैठकीला बाई होत्या. मी म्हणालो, जोडणी मी करून देतो, फुकट. बाई माझ्याकडे बघून हसल्या, शाळेत हसायच्या तशाच. म्हणाल्या, "तू कशाला त्रास घेतोस? एका मुलाला बोलावलंय आम्ही. विश्वासातला आहे."