बर्र आणि बरं

हिवाळा आला की आमच्या प्लास्टर रूममध्ये रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसते. कुवेतमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची. त्या दोन दिवसांत अर्धा गाव वाळवंटात तंबू ठोकून बसतो आणि तंबूपाठोपाठ बग्गी येते. ही बग्गी आपल्या लग्नातली घोड्याची नव्हे. चार फुगीर चाकांची, उघडी, मोटारसायकलसारखं हँडल असलेली गाडी. एका दिवसात बग्गीवरून पडलेले सहा जण आले, असं मी एकदा सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "एकाच लग्नातले होते का?"

मी इथे सोळा वर्षं नर्स आहे. मूळची लातूरची, स्वभावाने तापट, आणि प्लास्टर रूमने तो जास्तच तापवलाय. कुणाचं मनगट, कुणाची गळ्याजवळची हाडं. प्लास्टर ओलं असतानाच लोक विचारतात, परत कधी चालवता येईल? मी त्यांना जे सुनावते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अशा घरात माझ्या मुलीला बग्गी चालवायची होती. वय सतरा, जन्म इथलाच. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमचं चालतं. येत्या जूनमध्ये ती शिकायला पुण्याला जाणार होती, म्हणजे हा तिचा इथला शेवटचा हिवाळा. "वन टाइम, आई. जस्ट वन टाइम," असं तिने दिवाळीपासून लावलं होतं. नवरा शुऐब्याला पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात इंजिनियर आहे, दिवसभर लोकांना कामाची परमिटं देतो. तो म्हणाला, तुझं परमिट निघालं की माझं निघालंच समज.

मी हो म्हटलं ते एका माणसाच्या भरवशावर. वाळवंटात बग्ग्या भाड्याने देणारे पुष्कळ आहेत, पण आपलं गिऱ्हाईक पडलं तर त्याच्यासोबत दवाखान्यात येणारा मी एकच पाहिला. सत्तरीचा कुवेती म्हातारा, सगळे त्याला हज्जी म्हणायचे. पांढऱ्या अंगरख्यावर ग्रीसचा डाग, हातात छोटी वही. प्लास्टर होईपर्यंत बाकावर बसून राहायचा आणि मग मला विचारायचा, हाड कुठे मोडलं, पडताना हात कसा टेकला असेल? ते वहीत लिहायचा. पुढच्या आठवड्यात त्याच्या बग्ग्यांना त्या जागी फोम बांधलेला असायचा. डॉक्टरसुद्धा त्याला उठून खुर्ची द्यायचे. त्याचे वडील बोटीने मुंबईला खजूर न्यायचे, त्यामुळे त्याला मोडकंतोडकं हिंदी यायचं.

जानेवारीत मी त्याला फोन केला. वेळ चुकीची निवडली. एका हातात ओली पट्टी, फोन खांद्याने कानाला दाबलेला, आणि पलीकडे वाळवंटातला वारा. शुक्रवारी येते, मुलगी आहे, हेल्मेट तिच्या मापाचं हवं, असं मी सांगितलं. तो सगळ्याला तमाम, तमाम, म्हणजे ठीक ठीक, म्हणाला. मग म्हणाला, "गाडी बस बर्र. ओके? बस बर्र."

मी ऐकलं, बस, बरं. ओके? बस, बरं.

मी इतकी खूश झाले की काय सांगू. म्हाताऱ्याने वडिलांकडून हिंदीच नाही, मराठीही उचललं होतं! "बरं, बरं," मी म्हटलं. तो पुन्हा "बर्र?" म्हणाला, मी पुन्हा "बरं" म्हणाले. असं चारदा झालं. फोन ठेवल्यावर मी वॉर्डभर सांगत फिरले की हज्जींना मराठी येतं. घरीही सांगितलं.

आता बर्र म्हणजे वाळवंट, हे मला माहीत नव्हतं असं अजिबात नाही. सोळा वर्षं दर रविवारी पेशंट सांगतात, कुठे पडला तर बर्रमध्ये. पण परक्या मुलखात कुणाच्या तोंडून आपला शब्द आल्यासारखा वाटला की माणूस दुसरा अर्थ शोधतच नाही. निदान मी तरी शोधला नाही.

शुक्रवारी दुपारी नवऱ्याच्या कंपनीतल्या मराठी मंडळींचा तंबू होता. हज्जींची शेड त्याच्या समोरच, मध्ये डांबरी रस्ता. आम्ही दोघी चालत शेडवर गेलो. हज्जी जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. तिथल्या मेकॅनिकने किल्ली दिली, मागच्या वाळूकडे हात केला, "बर्र" म्हणाला आणि तोही नमाजासाठी हातपाय धुवायला गेला. हाही मराठी शिकला की काय, असं वाटून मला हसू आलं.

मी मुलीचं हेल्मेट आवळलं, कोपराला-गुडघ्याला पॅड बांधले, बुटांच्या नाड्या तपासल्या. आधी मी चालवून बघणार आणि ती मागे बसणार, असा माझा हुकूम होता. मग मला वाटलं, समोरच तर तंबू आहे, नवऱ्याला दाखवून येऊ. मी शेडच्या मागे न जाता पुढून बाहेर पडले आणि बग्गी डांबरावर घातली. जेमतेम दोनशे पावलांचा रस्ता. वाळूवरच भीती, रस्त्यावर कसली भीती, इतका सरळ माझा हिशोब.

वळण घेताना चाकं रस्त्याला चिकटल्यासारखी झाली आणि एक बाजू उचलली. मुलीने मला मागून घट्ट धरलं. बाजू परत खाली आली. त्याच वेळी शेजारून एक मोठी जीप इतक्या वेगाने गेली की माझी ओढणी तिच्या वाऱ्याने तोंडावर आली. मी कडेला थांबले, आणि मागून ट्रॅफिक पोलिसांची गाडी आली.

पायाखालची वाळू सरकली म्हणावं, तर पायाखाली वाळू नव्हती, तीच तर अडचण होती.

पोलीस तरुण होता आणि आवाज चढवत नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. अर्ध्या अरबीत, अर्ध्या इंग्रजीत त्याने समजावलं. बग्गीला नंबर नाही, सिग्नल नाही, ती सार्वजनिक रस्त्यावर आणायचीच नाही. रस्ता ओलांडायचा असेल तर पिकअपवर चढवून. टायरमध्ये हवा कमी ठेवलेली असते, ते वाळूसाठी मऊ असतात, डांबरावर वळताना रस्त्याला धरून बसतात आणि गाडी उलटते. ते ऐकताना मला आमची प्लास्टर रूम आठवली. वाळूत पडलेले हात धरून हसत चालत यायचे. स्ट्रेचरवर यायचे ते दुसरेच, बहुधा डांबरावर पडलेले, पण ते कुठे पडले हे मी सोळा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. हज्जी निदान कसं पडला ते तरी विचारायचे.

एवढ्यात नवरा तंबूतून रस्ता ओलांडून आला आणि नमाजाहून हज्जीही आले. पोलिसाने हज्जींना विचारलं, या बाईला नियम सांगितला होता का? कामापुरती अरबी मला कळते. हज्जी म्हणाले, फोनवर चारदा सांगितलं, बस बर्र, फक्त वाळवंटात. मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खरोखरचं कोडं पडलं होतं. ते हिंदीत म्हणाले, "बहन, मैं बोला बर्र. तुम भी बोला बर्र."

तेव्हा मला कळलं. आमच्या भाषेत बरं म्हणजे ठीक आहे, हे मी अडखळत सांगितलं. पोलिसाला ते पटलं की नाही, कुणास ठाऊक.

नवऱ्याने मला हळूच विचारलं, "तू त्यांना परत म्हणून दाखवलंस का?"

तो चिडवत नव्हता, पण मला ते लागलं. डॉक्टरने फोनवर औषध सांगितलं की आम्ही नर्सा ते शब्दन् शब्द परत म्हणतो, तो हो म्हणाला की मगच लिहितो. नव्या मुलींना हे मी शिकवते. एकीने नुसतं 'हो सर' म्हटलं होतं तर तिला मी सगळ्यांदेखत रडवलं होतं. आणि इथे मी चारदा बरं म्हणून मोकळी झाले होते.

हज्जी मात्र पोलिसाला म्हणाले, माझी चूक लिहा. मी सांगितलं, पण हिला कळलं का ते विचारलं नाही. मी म्हटलं, गाडी मी चालवली, माझी लिहा. पोलिसाने दोघांचं लिहून घेतलं. बग्गी टोईंगच्या गाडीवर चढली आणि शेडच्या फाटकाला साखळी लागली. चौकशी होईपर्यंत भाड्याने देणं बंद. मार्चमध्ये तंबूंचा हंगाम संपला की शेडही काढावी लागते, म्हणजे हज्जींचं वर्षच बुडायची वेळ आली होती. साखळी लागताना ते मुलीचं हेल्मेट काढायला मदत करत होते. ती रडत होती. त्यांनी तिला पाणी दिलं आणि विचारलं, हेल्मेट घट्ट तर होत नव्हतं ना?

पुढचे दोन आठवडे मला झोप नव्हती. मग ट्रॅफिकच्या ऑफिसातून बोलावणं आलं. टेबलामागे एक कुवेती बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी सरळ विचारलं, मालकाने तुम्हाला नियम सांगितला होता की नव्हता? ओळखीच्या दोघातिघांनी मला पढवून पाठवलं होतं की नव्हता म्हणून सांग. सांगितला होता म्हटलं, तर मी जाणूनबुजून नियम मोडला असा अर्थ निघणार, आणि परदेशी माणसाच्या नावावर असं काही लागलं तर गोष्ट लायसन्सवरच थांबेल याची खात्री नसते. पण नव्हता म्हटलं, तर ती साखळी हंगामभर तशीच राहणार.

मी म्हटलं, "सांगितला. चारदा सांगितला. मी नीट ऐकला नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. तुमच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ काय, म्हणाल्या. मी सांगितला. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही म्हणायला लावला, आणि मग दोघी हसल्या. हसल्या तरी सूट काही दिली नाही. माझा जबाब अरबीत टाइप झाला. त्यांनी तो मला हळूहळू वाचून दाखवला आणि एकेक वाक्य मी माझ्या मोडक्या अरबीत परत सांगितल्याशिवाय पुढचं वाचलं नाही. मला त्या बाईंचा इतका आदर वाटला की दंडाची पावती घेताना मी मनापासून शुक्रन म्हणाले. लायसन्स काही महिन्यांसाठी जमा झालं. तेवढ्यावरच थांबलं. मी स्टाफच्या बसने जाऊ लागले आणि एकदाही कुरकुर केली नाही, हे घरच्यांना अजून खरं वाटत नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर शेडची साखळी निघाली. अट एकच, प्रत्येक गिऱ्हाइकाला कळेल अशा भाषेत नियम सांगायचा. हज्जींनी स्वतः फोन केला. शेडपुढे लावलेल्या फळीवर नियम अरबी, इंग्रजी, उर्दू, बंगालीत लिहून झाला होता, मराठी राहिलं होतं. मी शेडवर जाऊन प्लास्टर रूममधल्या जाड पेनाने लिहून दिलं, 'गाडी फक्त वाळवंटात. डांबरी रस्त्यावर अजिबात नाही.' हज्जींना ते वाचता येत नव्हतं, तरी बोट फिरवत त्यांनी प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारून घेतला. वहीत उतरवलाही.

हंगामातल्या शेवटच्या शुक्रवारी आम्ही तिघं पुन्हा गेलो. मी मुलीवर सोडलं होतं, नको असेल तर नको. तिला हवं होतं. शेडपुढे चारपाच गिऱ्हाइकं रांगेत होती आणि हज्जी एकेकाकडून नियम म्हणून घेत होते. एक दांडगा पोरगा नुसताच ओके म्हणाला, तर त्याच्या हातात आलेली किल्ली त्यांनी परत काढून घेतली. त्याने सगळं म्हटल्यावरच दिली. गिऱ्हाइकं कंटाळत होती, घड्याळं बघत होती. हज्जींना घाई नव्हती. साखळीने त्यांचे पाच शुक्रवार खाल्ले होते, तरी एकेका माणसापुढे ते असे उभे होते की जणू दिवसाचं तेवढंच काम आहे. चूक माझ्या कानांची होती आणि तिच्यातून शिकत ते होते.

मुलीची पाळी आली. त्यांनी फळीकडे बोट केलं. ती इंग्रजीतली ओळ म्हणेल असं मला वाटलं होतं. तिने माझ्या अक्षरातली ओळ म्हटली, सावकाश, एकही शब्द न गाळता. "गाडी फक्त वाळवंटात. डांबरी रस्त्यावर अजिबात नाही." तिच्या तोंडून सलग दोन मराठी वाक्यं मी कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. माझे डोळे भरून आले आणि नवऱ्याने ते बघून न बघितल्यासारखं केलं.

मग हज्जींनी माझ्याकडे बघितलं. मी चालवणार नव्हते, तरी बघितलं. मीही म्हणून दाखवलं, त्यांच्या अरबीत, घरी पाठ करून गेले होते तसं. बस बर्र. रस्त्यावर नाही.

त्यांनी खिशातून वही काढली, एक पान उघडून डोळ्यांजवळ धरलं, आणि मान हलवून म्हणाले, "बरं."